एकच डाव, दोन न्याय

वाचकांचे प्रश्न : लहान मुलांची शाळा
(उत्तरं देतात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळी नोकरी राजापूरच्या बाजूला, बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गांवर.)

प्रश्न : गुरुजी, स.न. माझी अंगणवाडी समुद्रालगतच्या कोळीवाड्यात आहे. पटावर बावीस मुलं. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं साडेचार वर्षांची, दोघंही एका जागी बसत नाहीत. कुणी ठोकळे रचले की पाडतात, हात धुवायच्या रांगेत ढकलाढकली करतात. मागे एकदा खिचडी वाढताना मुलाने मदतनीस ताईंच्या हातातला डाव ओढला, खिचडी सांडली. ताई हसल्या, म्हणाल्या, "बापासारखाच तांडेल (होडीचा म्होरक्या) होणार हा!" दोन दिवसांनी मुलीने अगदी तेच केलं. त्या दिवशी नेमक्या पर्यवेक्षिका मॅडम भेटीला आलेल्या. ताईच म्हणाल्या, "ही असली सासरी काय दिवे लावणार?" आणि मॅडमनी भेटीच्या वहीत शेरा लिहिला की मुलीच्या वागण्याबद्दल पालकांना समज द्यावी. मी आईला बोलावलं. तिने सगळ्यांसमोर मुलीला थोबाडीत मारली. मॅडमचं म्हणणं, मुलगे जात्याच दंगेखोर असतात, त्यांचं तेवढं चालायचंच. मुलगी अशी वागली तर मात्र काहीतरी बिघडलंय असं समजावं. हे खरं आहे का? आणि खरं नसेल तर मी साधी सेविका, मॅडमना काय सांगू?
एक अंगणवाडी सेविका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बाई, मॅडमना काय सांगायचं ते शेवटी बघू, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

मुलगे जास्त दंगा करतात का? सरासरीने पाहिलं तर हो. ढकलणं, मारणं, अंगावर पडून खेळणं हे दोन-तीन वर्षांच्या वयापासून मुलग्यांमध्ये काहीसं जास्त आढळतं, आणि ते फक्त आपल्याकडे नाही. मी ते नाकारलं तर तुमच्या मदतनीस ताईच मला हसतील. पण सरासरी निघते ती शेकडो मुलांची. तुमच्या पटावर आहेत बावीस. या बावीसांत सगळ्यांत दांडगी एखादी मुलगी निघू शकते आणि सगळ्यांत भित्रा एखादा मुलगा. पहिलीच्या वर्गावर राहिलेल्या कुठल्याही मास्तराला विचारा, तो नावानिशी सांगेल. त्यामुळे "मुलगे असेच" हे वाक्य खरं असलं तरी समोर उभ्या असलेल्या या एका मुलाबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि मुलीत बिघाड असल्याचं तर मुळीच सिद्ध करत नाही.

आता डावाकडे या. मुलाने ओढला तेव्हा ताईंना वीस वर्षांनंतरची होडी दिसली. मुलीने ओढला तेव्हा वीस वर्षांनंतरचं सासर दिसलं. त्या दिवशीची खिचडी, रांगेत किती वेळ झाला होता, पोरांना भूक किती लागली होती, याकडे दोन्ही वेळा कुणी पाहिलंच नाही. मूल डाव का ओढत होतं? हिसकावून पळायचं होतं, आपली पाळी लवकर यावी म्हणून, की ताईंसारखं वाढायचं होतं? माझा अंदाज शेवटचा आहे. साडेचार वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या हातातली वस्तू म्हणजे जीव की प्राण. पण अंदाजच तो. तुम्ही तिथे होता, मी नव्हतो.

एका प्रशिक्षणात ऐकलेला एक प्रयोग पुढे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगत आलो. १९७६ साली अमेरिकेत जॉन आणि सँड्रा काँड्री या दोघांनी मोठ्या माणसांना एका नऊ महिन्यांच्या बाळाची चित्रफीत दाखवली. बाळासमोर झाकण उघडलं की बाहुलं टुणकन वर येतं ती डबी ठेवलेली. बाळ दचकतं आणि रडायला लागतं. चित्रफीत एकच, बाळही एकच. काहींना सांगितलं होतं हा मुलगा आहे, काहींना सांगितलं ही मुलगी आहे. बाळाला काय वाटतंय असं विचारल्यावर मुलगा समजून पाहणारे जास्त करून म्हणाले, त्याला राग आलाय. मुलगी समजून पाहणाऱ्यांना त्याच रडण्यात भीती दिसली. लक्षात घ्या, ही माणसं कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती. खोटंही बोलत नव्हती. त्यांना खरोखरच तसं दिसलं.

अंगणवाडीत आपण हे दिवसभर करतो. आणि जे दिसलं त्यावर लगेच कृती करतो, म्हणून गोष्ट गंभीर. रागावलेल्या मुलाला आपण दरडावतो. घाबरलेल्या मुलीला जवळ घेतो. मुलीच्या बाबतीत "घाबरली" हे लागू पडलंच नाही, म्हणजे तिने सरळ डाव ओढला, तर मग आपल्याकडे तिच्यासाठी खण उरत नाही. मुलाच्या खणात तिला घालता येत नाही. मग ती आगाऊ. माझ्या पाहण्यात दंगेखोर मुलाला सगळ्यांत जास्त ओरडा बसतो, पण दंगेखोर मुलीबद्दल जे बोललं जातं ते जास्त दिवस टिकतं. तिचा शेरा वहीत गेला. मुलाचा गेला नाही.

दुसरा अभ्यास मॅडमच्या "जात्याच"बद्दल आहे. बेव्हर्ली फॅगट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली तेरा-चौदा महिन्यांच्या पोरांचे छोटे खेळगट पाहिले. त्या वयात हात पुढे करून वस्तू ओढणं किंवा बाईंशी आवाज काढून, खुणांनी बोलणं, यात मुलगे-मुलींमध्ये फरक नव्हता. फरक सांभाळणाऱ्यांच्या प्रतिसादात होता. मुलग्याने ओढाओढ केली, रडून हात-पाय आपटले की बाई वळायच्या. मुलीने हळूच खूण केली, शब्द काढायचा प्रयत्न केला की वळायच्या. जवळपास वर्षभराने तीच मुलं पाहिली तेव्हा मुलगे जास्त आक्रमक झाले होते आणि मुली बाईंशी जास्त बोलत होत्या. अभ्यास छोटाच होता, पण मला तो पटतो, कारण वर्गात मी हेच होताना बघितलं आहे. ओरडणं हीसुद्धा दखल असते. शांत बसल्यावर जी बाई बघत नाही ती ठोकळे पाडल्यावर धावत येते, हे पोराला दोन दिवसांत कळतं.

तेव्हा करायचं काय? "मुलगा-मुलगी असा भेद करू नका" असं सांगून काही होत नाही, बाई. ते सगळ्यांनाच मान्य असतं, मॅडमनाही असेल. नजर आपोआप जाते तिला सवयीने वळवावी लागते, म्हणून दोन कामं देतो.

एक, वही. साधी शंभर पानी. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे त्या सरकारी मोबाइल अॅपमध्ये, वजनं आणि हजेरी भरता भरता वेळ कुठे उरतो, असं तुम्ही म्हणाल, ते मला ठाऊक आहे. म्हणून रोज नको, दंगा झाला त्या दिवशीच तीन-चार ओळी. किती वाजता झालं, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने नेमकं केलं काय, आणि त्यावर तुम्ही काय केलंत. तो नाही, ती नाही, "मूल" लिहायचं. नावाऐवजी पटावरचा क्रमांक, तोही पानाच्या मागच्या बाजूला. उदाहरणार्थ : "११.४०. खिचडीला उशीर. मुलं पाव तास रांगेत. मूल डाव ओढतं. मी ओरडले, बाकीची हसली." महिनाभराने ही पानं पुढून वाचा, आपल्या मनाशी ठरवा की यातलं काय गंभीर आणि काय किरकोळ, आणि मग पान उलटून क्रमांक बघा. दोनचार ठिकाणी तरी तुम्ही थबकाल. शिवाय वेळा बघा. माझी पैज आहे की निम्मे दंगे जेवणाआधीच्या अर्ध्या तासातले निघतील. मग खिचडी शिजेपर्यंत पोरांना रांगेत बसवण्याऐवजी गाणं घ्या, नाहीतर पाटावर पाट ठेवायला लावा.

दुसरं काम नजरेचं. २०१६ साली येल विद्यापीठात वॉल्टर गिलियम यांच्या गटाने बालवर्गाच्या शिक्षकांना मुलांचे व्हिडिओ दाखवले आणि सांगितलं, कुठे वावगं वागणं सुरू होतंय का ते बघा. व्हिडिओत तसं काही नव्हतंच. त्यात एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी. शिक्षकांचे डोळे कुठे जातात हे यंत्राने मोजलं. दंगा शोधायला सांगितल्यावर नजर सगळ्यांत जास्त वेळ त्या कृष्णवर्णीय मुलावर थांबत होती. तिथला प्रश्न वर्णाचा. आपल्याकडे नुसतं मुलगा असणं पुरत नाही, कुठल्या वाडीतला मुलगा हेही आपले डोळे विचारतात. काही वाड्यांतल्या पोराने पेन्सिल पाडली तरी ती फेकलेली असते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण गावात राहणाऱ्या कुणालाही ते नवीन नाही. म्हणून दर थोड्या वेळाने दरवाज्याकडून सुरुवात करून खोलीच्या चारही कोपऱ्यांवर, प्रत्येक मुलावर एकदा नजर फिरवायची. दंगा होवो न होवो. ज्याच्यावर आपली नजर सतत असते त्याचा प्रत्येक दंगा आपल्याला सापडतो, इतरांचे निसटतात. नुसत्या या फेऱ्यांनीही बरंच कळतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या एका खोलीच्या अंगणवाडीत जून ते सप्टेंबर बावीस पोरं कोंडलेली. बाहेर पाऊस धो-धो, पत्र्यावर आवाज एवढा की बाईंचं गाणं बाईंनाच ऐकू येत नाही. अशा दिवसांत जी पोरं अंग हलवल्याशिवाय राहू शकत नाहीत ती आधी दंगेखोर ठरतात. हलण्याची गरज मुलीलाही तेवढीच असते. ती भागवायला तिला फक्त परवानगी कमी असते. खडूने जमिनीवर रेघा ओढून उड्या, बाकाखालून सरपटणं, तांदळाची छोटी पिशवी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेणं, हे रोज ठरलेल्या वेळी सगळ्यांकडून करून घ्या. मुलींना "फ्रॉक वर जाईल, तू नको" म्हणून बसवू नका. खाली चड्डी घालून पाठवायला पालकांना सांगा.

आणि मस्ती आणि भांडण यांत फरक करा. अंगावर पडून खेळणारी पोरं हसत असतात, आलटून-पालटून एकमेकांखाली जातात, आणि झाल्यावर एकत्रच राहतात. भांडणात एकाचाच चेहरा रडवेला असतो आणि संपल्यावर तो लांब जाऊन बसतो. पहिल्याला जागा करून द्या, दुसऱ्यात पडा. मुली अशा खेळल्या तरी हाच नियम.

तुमच्या गावाचं आणखी एक. जून-जुलैत मासेमारी बंद, बाप घरी. ऑगस्टला होड्या सुटल्या की बाप पुन्हा दर्यावर, कधी दोन-दोन आठवडे. त्या सुमारास पोरं चिडचिडी होतात. मुलग्याबद्दल आपण लगेच म्हणतो, बापाची आठवण काढतो बिचारा. मुलीला हे कारण कुणी देत नाही. या मुलीचा बापही होडीवर जातो का ते विचारून बघा.

डावाचं मात्र आज ठरवून टाका. दोघांना एकच वाक्य, त्याच आवाजात : "डाव ताईंचा. ओढायचा नाही. वाढायचं असेल तर हात धुऊन ये, मिळून वाढू." आणि खरंच वाढू द्या, छोट्या पळीने, उसळ किंवा गूळ-शेंगदाणे असं न भाजणारं काही. एकदा त्याची पाळी, एकदा तिची. आपल्याकडे ताटल्या वाटायला, पाट मांडायला नेहमी मुलींनाच सांगतात. त्यामुळे शहाणी मुलगी दिवसभर बाईंच्या अवतीभवती कामात, आणि मुलगा मागे बिनकामाचा. बिनकामाचं पोर काय करणार ते तुम्हाला माहीत आहे. ही डाव ओढणारी मुलगी मात्र कामही मागून घेत नाही, हक्काने घेते. त्याचंच मोठ्यांना वाईट वाटतं.

तिच्या आईला पुन्हा बोलवा, पण तक्रारीसाठी नको. मुलीने केलेली एखादी चांगली गोष्ट सांगायला, मुलगी ऐकत असताना. थोबाडीत मारलेलं पुसलं जाणार नाही, पण आईला पुढच्या वेळी तुमच्याकडे यायला भीती वाटणार नाही.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली, रागावू नका. बावीसांपैकी दोघांबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत. बाकीच्या वीसांत एखादी मुलगी असेल जी काहीच करत नाही. बोलावलं तरी ऐकत नाही, खिडकीबाहेर बघत राहते, गाण्यात ओठ हलवते, आवाज नसतो. तिला आपण गुणाची म्हणतो. या वयात सर्दीने कानात पाणी साठून कमी ऐकू येणं फार आढळतं. आरोग्य तपासणीला डॉक्टर येतील तेव्हा तिचा कान मुद्दाम दाखवा. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा, या अवस्थेचं) निदानही मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा सुमारे दुप्पट होतं, आणि त्याचं एक कारण हे सांगतात की मुलींमध्ये धावपळीऐवजी लक्ष न लागणं जास्त दिसतं, त्याचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून कुणी डॉक्टरकडे नेत नाही. साडेचार वर्षांच्या मुलावर असला शिक्का मारायची घाई आपण करायची नाही, पण बघायचं तरी.

शिवाय मुली हातानेच मारतात असं नाही. "तुला आमच्यात घेणार नाही", "हिच्याशी कट्टी करा गं", हेही मारणंच. निकी क्रिक नावाच्या अमेरिकी संशोधिकेने १९९०च्या दशकात या प्रकारच्या त्रासाकडे लक्ष वेधलं, तोपर्यंत आक्रमक म्हणजे हात उगारणारा एवढंच धरलं जायचं. वहीत हेही लिहा. तुमच्या वर्गात सगळ्यांत जास्त त्रास देणारं मूल कदाचित वेगळंच निघेल.

आता मॅडम. वाद घालू नका, तुम्ही हराल, आणि बरोबर असूनही हराल. शेरा वहीत आहे ना, तर दोन्ही घटना तारखेसह तुमच्या वहीत असू द्या, आणि खाली एक ओळ : "दोघांना एकच नियम व वाढण्याची पाळी दिली." पुढच्या भेटीत त्यानंतर काय झालं ते दाखवा. पर्यवेक्षिकेला वर अहवाल द्यायचा असतो, तिला दाखवण्यासारखं काही मिळालं तर ती तुमची बाजू घेते. फारच ताणलं तर ताराबाई मोडकांचं नाव काढा, बैठकांत ते घेतलं जातंच. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आपल्याच किनाऱ्यावर, उत्तर टोकाला बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. तिथल्या आदिवासी मुली शाळेत टिकत नसत, कारण कडेवर धाकटं भावंड. त्यांनी मुलींना समज दिली नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. मॅडमना हे माहीत असणारच, फक्त आठवण करून द्यायची.

प्रश्न : माझ्याकडे पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग. दोन मुलगे सतत बडबडतात, पेन्सिली फेकतात. मी त्यांना मुलींच्या ओळीत, दोन मुलींच्या मधे बसवते. वर्ग ताबडतोब शांत. पण एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. आमच्या शाळेत वर्षानुवर्षं हीच पद्धत आहे. यात चुकीचं काय?
एक शिक्षिका, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : वर्ग का शांत झाला ते बघा. मुलगा लाजला म्हणून. मुलींच्या शेजारी बसणं ही शिक्षा आहे हे तो शिकला, आणि त्या दोघीही शिकल्या की आपल्या शेजारी बसवणं ही कुणाचीतरी शिक्षा असते. सहा वर्षांच्या वयात हा धडा फुकट मिळाला, पाठ्यपुस्तकात नसताना. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकांत आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले तेव्हा केवढी चर्चा झाली! एका चित्राने जे साधायचं ते एका बाकाने पुसून टाकायचं, हे बरं नाही.

आणि त्या मुलींना तुम्ही बिनपगारी शिपाई नेमलंत. दंगेखोर पोर शेजारी बसल्यावर तिचा अभ्यास कोण बघणार? तो बोलला तर "तू त्याला का बोलू दिलंस" हेही तिलाच ऐकावं लागतं. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायलाही बहुतेक मुलगीच उभी असते, हे आठवून बघा.

उपाय फार मोठा नाही. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून जागा बदला, मुलगे-मुली मिसळून. कुणी कुणाच्या शेजारी आलं तर ती चिठ्ठी, शिक्षा नाही. त्या दोघांना एकमेकांपासून लांब करा, पण तुमच्या जवळ आणा. पेन्सिली केव्हा उडतात तेही बघा : तुम्ही दुसरीला शिकवत असताना पहिलीची पोरं रिकामी असतात तेव्हा. एकत्र वर्गाचा हा जुना रोग आहे. त्या वेळेसाठी पहिलीला हाताला काम ठेवा, चिंचोके मोजणं, कार्डं जुळवणं, काहीही, पण आधी काढून ठेवलेलं.

वडिलांची तक्रार नेमकी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुलीचा अभ्यास बुडतो ही असेल तर त्यांचे आभार माना. मुलीला मुलाशेजारी का बसवलं ही असेल तर शांतपणे सांगा की या वर्गात सगळेच मिसळून बसतात, आणि चिठ्ठ्यांचा डबा दाखवा.

प्रश्न : माझा नातू पहिलीत आहे, सहा पूर्ण. मन हळवं. शाळेत सोडताना अजून रडतो. त्याचे गुरुजी सगळ्यांसमोर म्हणतात, "रडतोस काय मुलीसारखा, बांगड्या भर." आता पोरं त्याला बांगडीवाला म्हणतात. परवा म्हणाला, "आजी, माका शाळेत जावचा नाय." माझा मुलगा म्हणतो, बरोबर बोलतात गुरुजी, घट्ट होऊ दे जरा. मी काय करू?
एक आजी, वेंगुर्ला

उत्तर : आजी, तुमचा मुलगा समजतो तसं पोर घट्ट होत नाही. माझ्या वर्गांत असे मुलगे आलेले आहेत. त्यांचं रडणं थांबतं खरं, पण घाबरणं थांबत नाही, मग ते दुसऱ्या वाटेने बाहेर पडतं. पोरगा ढकलायला लागतो, दप्तर फेकतो. मुलग्याला राग चालतो, रडू चालत नाही, एवढं त्याला कळलेलं असतं. चार महिन्यांनी तेच गुरुजी घरी निरोप पाठवतात की मुलगा फार मस्तीखोर झालाय.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे, आणि सहा वर्षं पूर्ण झालेला तुमचा नातू त्यात येतो. सगळ्यांसमोर बांगड्या भर म्हणणं हा मानसिक त्रासच. पण हे पहिल्या भेटीत काढू नका. कायदा ऐकला की मास्तर कानावर हात ठेवतो, मी त्याच जातकुळीतला आहे, मला माहीत आहे. सकाळी घंटेच्या वेळी जाऊ नका, शाळा सुटल्यावर जा. एवढंच मागा : सोडताना रडला तर दोन मिनिटं कुणी काही बोलू नये, आणि आल्याआल्या त्याला एक काम द्यावं, खडू आणणं, पाण्याच्या बाटल्या लावणं. आणि "बांगडीवाला" हे नाव वर्गात पुन्हा येणार नाही हे गुरुजींनी स्वतः पोरांना सांगावं, कारण ते त्यांच्याकडूनच आलं आहे. तुम्हीही शाळेत सोडताना लपून निघून जाऊ नका; सांगून, हात हलवून निघा, म्हणजे त्याला दर मिनिटाला दाराकडे बघावं लागणार नाही. तेवढ्याने नाही भागलं तर केंद्रप्रमुखांकडे लेखी द्या, तेव्हा कलम १७ लिहा.

गुरुजींना भेटायला जाताना तुमच्या मुलाला मात्र सोबत न्या, त्याने तोंड उघडलं नाही तरी चालेल. आजी एकटी गेली तर गुरुजी म्हणतील, म्हातारीने लाडावून ठेवलंय.